दुसऱ्याच्या पट्टीतली गोळी

मुलुंड (पूर्व)

चि. ओंकार,


रात्रपाळीनंतर झोप येत नाही म्हणून तू मित्राची ॲमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची गोळी घेतोस, असं ताई म्हणाली. ‘आजारी माणसाला चालते, मग मला धडधाकटाला काय होणार?’ हे तुझं म्हणणं. इथेच गफलत आहे. मन उभारी धरायला या औषधाला दोन ते चार आठवडे लागतात, तेही नैराश्य असेल तर. निरोगी माणसाला आनंद काही मिळत नाही. झोपेत मात्र ते पहिल्याच रात्री ढवळाढवळ करतं.

मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनचं काम ही गोळी अडवते. तिचा अंश निम्म्यावर यायलाच 10 ते 28 तास लागतात, म्हणजे तू उठतोस तेव्हा ती अंगात असतेच. नेदरलँड्समध्ये निरोगी स्वयंसेवकांना सुस्ती आणणारी अशी औषधं देऊन खऱ्या महामार्गावर गाडी चालवायला दिली. सुरुवातीच्या दिवसांत त्यांची गाडी दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीसारखी लेनमध्ये हेलकावत होती. तू तर बोरिवलीहून लिंक रोडने स्कूटरवर जातोस! आठवड्याभरात सुस्ती कमी होते, पण स्वप्नांची झोप दबलेलीच राहते. गोळी अचानक सोडली की तीच भडक स्वप्नं घेऊन उसळते. फ्लुओक्सेटीनसारख्या नैराश्यावरच्या दुसऱ्या गोळ्या तर उलट झोपच मोडतात.

या औषधांबद्दल माझ्या मनात अढी नाही. तुझ्या वाटेवरच्या गोरेगावात 1963 साली पंडित नेहरूंच्या हस्ते सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र उघडलं. ॲमिट्रिप्टिलीनच्याच कुळातलं नायट्रॉक्सॅझेपीन हे नैराश्यावरचं औषध तिथलं. औषधशास्त्र शिकवताना मी हे अभिमानाने सांगत असे. खचलेल्या माणसांसाठी झालेलं हे काम आहे. पाळीने बिघडलेल्या झोपेसाठी नव्हे.

मध्यरात्रीनंतर चहा बंद कर, सकाळी घरी येताना गॉगल लाव, खोलीत काळोख कर. तरीही झोप लागली नाही तर डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस गोळ्या घेतल्यास ते खरं सांग. मनच उदास असेल तर लपवू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

उरलेल्या गोळ्या मित्राला आजच परत दे. त्याला त्यांची गरज आहे, त्याचा एकही डोस चुकता कामा नये. आणि या आठवड्यात स्कूटर घरी ठेवून लोकलनेच जा.

तुझी,
मावशी