वांती झालेल्या बाळाची शुश्रूषा



ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घरात उलटी ही नित्याची गोष्ट होय. पाळण्यातले बाळ दूध पिते, हसते, खेळते आणि मध्येच ओठांच्या कडेने थोडे दूध बाहेर टाकते. त्याचे कोणास विशेष वाटत नाही. परंतु तेच बाळ एकामागून एक उलट्या करू लागले, म्हणजे मोठी माणसेही गोंधळून जातात. कोणी म्हणते दूध बंद करा, कोणी म्हणते पाण्याचा थेंबही देऊ नका, कोणी मागच्या आजारातील उरलेली औषधाची बाटली शोधू लागते. या गोंधळात पहिले काही तास निघून जातात आणि बाळाच्या दृष्टीने तेच तास मोलाचे असतात. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. आईवडील कामात असताना त्यांना सांभाळण्याची पाळी थोरल्या भावंडांवर येते. म्हणून या विषयाची शास्त्रशुद्ध माहिती शालेय वयातच झालेली बरी.

दूध गाळणे आणि वांती

अन्ननलिका जेथे जठरास मिळते, तेथे स्नायूंचे एक कडे असते. खाल्लेले अन्न पुन्हा वर येऊ न देणे हे त्याचे काम. तान्ह्या बाळात हे कडे अद्याप पुरते बळकट झालेले नसते. त्यामुळे पोट भरले, वा बाळाने दुधाबरोबर हवा गिळली, की थोडे दूध सहज वर येते. यास आपण दूध गाळणे म्हणतो. बाळ आनंदी असेल, त्याचे वजन नीट वाढत असेल, तर यावर औषध लागत नाही. दूध पाजल्यावर बाळास वीस-पंचवीस मिनिटे खांद्याशी उभे धरावे, पाठीवरून हळुवार हात फिरवून ढेकर काढावी. बहुतेक मुलांत ही सवय वर्ष-दीड वर्षात आपोआप जाते. झोपवताना मात्र गाळणाऱ्या बाळासही उताणेच निजवावे.

वांतीची गोष्ट निराळी आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडून आज्ञा येते, श्वासपटल व पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि जठरातील द्रव वेगाने बाहेर फेकला जातो. लहान मुलांत याचे नेहमीचे कारण म्हणजे आतड्यांस झालेला विषाणूंचा संसर्ग. त्यांतील एक प्रमुख विषाणू १९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. त्याचा आकार चाकासारखा, म्हणून लॅटिन भाषेतील चाकाच्या नावावरून त्यास रोटाविषाणू म्हणू लागले. या संसर्गात प्रथम उलट्या सुरू होतात आणि पुढे पातळ जुलाब लागतात. उलट्या बहुधा एक-दोन दिवसांत थांबतात. जुलाब त्याहून अधिक दिवस चालतात.

खरा धोका कोणता?

उलटी पाहून आपले लक्ष बाहेर पडलेल्या दुधाकडे जाते. वैद्याचे लक्ष मात्र बाळाच्या अंगात उरलेल्या पाण्याकडे असते. नवजात बालकाच्या शरीराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. आता एक साधे गणित करू. आठ किलो वजनाच्या बाळाने उलट्या-जुलाबांवाटे ४०० मिलिलिटर पाणी गमावले, तर त्याच्या वजनाचा शेकडा ५ भाग गेला. साठ किलो वजनाच्या मनुष्याचे तेवढेच पाणी गेले, तर तो त्याच्या वजनाचा शेकडा एक भागही नव्हे. जे पाणी मोठ्यांच्या खिजगणतीतही नाही, ते गेल्याने तान्हे बाळ मलूल होते. यालाच आपल्याकडे शोष पडणे असे म्हणतात. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम हे क्षारही जातात. रक्ताभिसरण मंदावते, लघवी थांबते, आणि वेळीच उपाय न झाल्यास बाळ दगावते. तेव्हा घरच्या शुश्रूषेचे सूत्र एकच: गेलेले पाणी आणि क्षार थोडे थोडे करून परत देत राहणे.

चमच्याचे शास्त्र

उलटी होत असताना बाळास कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंड पुसून घ्यावे. घशात बोट घालू नये. उलटी थांबल्यावर सुमारे दहा मिनिटे पोटास विश्रांती द्यावी. बाळ अंगावर पीत असेल, तर आईचे दूध मुळीच बंद करू नये. एरवीपेक्षा कमी वेळ, परंतु अधिक वेळा पाजावे. वरचे दूध घेणाऱ्या बाळाचे दूध नेहमीच्याच प्रमाणात तयार करावे. त्यात जास्तीचे पाणी घालून ते पातळ करू नये.

त्याच्या जोडीला द्यावयाची ती जलसंजीवनी. सरकारी आरोग्यकेंद्रात व औषधांच्या दुकानात तिची पुडी मिळते. ज्या पुडीवर एक लिटर लिहिले असेल ती एक लिटर पाण्यातच, आणि एकाच वेळी सगळी विरघळवावी. पाणी आधी उकळून गार केलेले असावे. पाणी कमी घातल्यास क्षार जास्त होतात आणि बाळास अपाय होतो. जास्त घातल्यास गुण येत नाही. चवीसाठी वरून साखर घालू नये. तयार द्रव पुन्हा उकळू नये. चोवीस तासांत संपला नाही तर टाकून द्यावा.

आता द्यावयाची रीत. तहानलेले बाळ वाटीभर पाणी घटाघटा पिऊ पाहते. ताणलेले जठर ते तत्क्षणी परत फेकते आणि पाहणारा म्हणतो, ‘पाणीसुद्धा ठरत नाही!’ याकरिता वाटी-चमचा घ्यावा व दर एक-दोन मिनिटांनी एकच लहान चमचा द्यावा. लहान चमच्यात ५ मिलिलिटर मावतात. दोन मिनिटांस एक चमचा धरला, तरी तासात तीस चमचे, म्हणजे १५० मिलिलिटर होतात. न कळत वाटीभर पाणी पोटात गेले! मध्ये पुन्हा उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश सुरू करावे. उलटीबरोबर सगळेच बाहेर पडत नाही; बराच भाग तोवर आतड्यात शोषला गेलेला असतो. जुलाबही होत असतील, तर दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलाब असताना डॉक्टर जस्ताचे औषधही देतात. ते त्यांनी सांगितले तितके दिवस पुरे करावे.

सहा महिन्यांवरील बाळास उलट्या ओसरताच मऊ भात, पेज, वरणाचे पाणी, कुस्करलेले केळे असे हलके अन्न द्यावे. उपाशी ठेवल्याने आतडी लवकर बरी होत नाहीत. बाळाची शक्ती तेवढी खालावते.

जलसंजीवनीची कथा

मीठ आणि साखर यांच्या पाण्यात एवढे काय आहे, असा प्रश्न आपणांस पडेल. लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज व सोडियम हे दोन्ही जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत शिरते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथे मांडली. पुढे असे आढळले, की पटकीसारख्या रोगातही ही वाट बंद पडत नाही. नुसत्या पाण्याने किंवा नुसत्या मिठाने जे साधत नाही, ते दोहोंत योग्य प्रमाणात ग्लुकोज मिळाल्याने साधते.

या कार्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पटकीतील वांती थांबवून तोंडावाटे पाणी देण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत तयार करवून रोग्यांच्या नातलगांच्याच हाती दिले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ च्याही खाली आले. हे पाणी पाजणाऱ्यांत शिकलेल्या परिचारिका थोड्या. आया, बहिणी व भाऊच पुष्कळ होते. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आजच्या पुडीचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरविलेले आहे. एका लिटरास ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम. खोक्यांतून मिळणारी गोड, रंगीत पेये याची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांत साखर फार असते व तीमुळे जुलाब वाढतात. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून काम भागवता येते. परंतु त्यात पोटॅशियम नसते आणि मोजण्यात चूक होऊ शकते, म्हणून पुडीच घरात आणून ठेवावी. सहा महिन्यांखालील बाळास घरी केलेले असे पाणी देऊ नये. नुसते साधे पाणीच वारंवार पाजणेही तान्ह्या बाळास घातक आहे. रक्तातील सोडियम उतरून त्यास झटके येऊ शकतात.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

घरच्या शुश्रूषेस मर्यादा आहे. ती मर्यादा ओळखता येणे हाही शुश्रूषेचाच भाग होय. पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास वाट पाहू नये.

१. बाळ तीन महिन्यांहून लहान असून त्यास वारंवार उलट्या होत आहेत, किंवा ताप आहे.

२. उलटीचा रंग हिरवा आहे, किंवा तीत रक्त आहे. हिरवी उलटी आतड्याच्या अडथळ्याची खूण असू शकते.

३. पोट फुगले आहे, शौचात रक्त वा लालसर शेंब आहे, किंवा बाळ थांबून थांबून कळवळून रडते.

४. दोन ते आठ आठवड्यांचे बाळ दूध पिताच ते लांबवर फेकते आणि लगेच पुन्हा भुकेलेले दिसते. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झाल्याने असे होते. लहानशा शस्त्रक्रियेने हा दोष पुरता जातो.

५. सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, रडताना अश्रू येत नाहीत, डोळे खोल गेले, टाळू आत बसली, पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश मागे जाते. टाळू खोल गेलेली आमच्या आज्यांना बोट लावताच कळत असे. ते ज्ञान आजही खरे आहे.

६. बाळ सुस्त पडले, जागे होत नाही, झटके आले, टाळू फुगून वर आली, किंवा डोक्यास मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या.

७. चमच्या-चमच्याने देऊनही काहीच ठरत नाही, किंवा जुलाब नसता उलट्या व ताप दोन्ही आहेत. अशा वेळी रोगाचे मूळ कानात, मूत्रमार्गात वा मेंदूच्या आवरणातही असू शकते.

वाहन नसल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेतही, बाळ शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर चमचा चालू ठेवावा.

काय करू नये

उलटी थांबविण्याचे औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. मोठ्यांस चालणारी मात्रा तान्ह्यास सोसत नाही. वर्षाच्या आतील बाळास मध चाटवू नये. त्यातील एका जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा दुर्मीळ परंतु भयंकर रोग होतो. दात येत आहेत म्हणून उलट्या होणारच, अशी समजूत करून घेऊन स्वस्थ बसू नये. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, तर तीत बाळाचे काही बिघडत नाही. मात्र ओवाळणे होईपर्यंत चमचा थांबता कामा नये.

रोग येऊच नये म्हणून शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यावर व त्यास भरविण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. दुधाच्या बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणे सोपे. रोटाविषाणूची लस भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून समाविष्ट होऊ लागली. ती ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात तोंडावाटे देतात.

आपण काय करू शकता

बाळ आजारी दिसताच प्रथम घरातील वडीलधाऱ्यांस कळवावे. मग एका पाठकोऱ्या कागदावर उलटी केव्हा झाली, रंग कोणता होता, लघवी केव्हा झाली, किती चमचे पोटात गेले, हे घड्याळ पाहून लिहीत जावे. असा कागद डॉक्टरांच्या हाती पडला, तर त्यांचा निम्मा तपास तेथेच होतो.

आणि एक काम आजच करून ठेवावे. आपल्या स्वयंपाकघरातील एखादे पातेले घेऊन त्यात मापाने बरोबर एक लिटर पाणी ओतावे व पाणी जेथवर चढेल तेथे बाहेरून खूण करावी. जलसंजीवनीच्या दोन पुड्या आणून त्या पातेल्याशेजारी ठेवाव्यात. अपरात्री बाळ उलट्या करू लागले, दिवा लावून सर्वजण धावपळ करू लागले, तरी लिटरभर पाणी कोठवर येते हे कोणास विचारावे लागणार नाही.