सॉलिसिटरची परीक्षा : व्यापारी-कारागिरांच्या मुलांनी तयारी कशी करावी?

सोलापूरच्या व्यापाऱ्याचे आणि कारखानदाराचे निम्मे आयुष्य कागदांवर सह्या करण्यात जाते. चादरी-टॉवेलच्या मालाचे चलन, उधारीचे बिल, अक्कलकोट रोडवरील गाळ्याचा भाडेकरार, बँकेचे तारण, भावाभावांतील वाटणीपत्र. सही करताना हे कागद कोणी वाचत नाही. तंटा उभा राहिला म्हणजे वकिलाकडे धाव घेतली जाते. पण कागदात जे लिहायचे राहिले ते त्या वेळी लिहिता येत नाही. हा कागद आधीच विचारपूर्वक तयार करून देणारा कायदेतज्ज्ञ म्हणजे सॉलिसिटर. आपल्या समाजात वकील आहेत, पण या वाटेला जाणारी मुले फार थोडी. ही परीक्षा काय आहे आणि तिची तयारी कशी करावी, याची माहिती या लेखात देत आहोत.

व्यापाऱ्याच्या घरातील पहिला सॉलिसिटर

हे क्षेत्र आपले नव्हे, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईतील तय्यबजी घराणे मूळचे खंभातकडील व्यापारी. त्या घरातील कमरुद्दीन तय्यबजी १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. पहिले भारतीय सॉलिसिटर म्हणून त्यांची ओळख आहे. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, १८८७ मध्ये मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन करण्यात दोघा भावांचा पुढाकार होता. दुकानदारीतून आलेला पैसा मुलांच्या शिक्षणात गुंतवला, त्याचे हे फळ.

दुसरी गोष्ट दीनची. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत (सूरह अल्-बकरा, आयत २८२) नमाज-रोजाविषयी नाही, ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, अशी शिकवण तीत आहे. सॉलिसिटरचे काम नेमके हेच.

ही पदवी आहे तरी काय?

पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत दोन वर्ग होते. पक्षकाराला भेटणारा आणि कागद तयार करणारा सॉलिसिटर, आणि न्यायालयात उभा राहणारा वकील. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानंतर हा भेद कायद्याने संपला व सर्वजण ॲडव्होकेट झाले. तरीही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आपली सॉलिसिटरची परीक्षा घेत राहिली, आणि मोठ्या कायदेविषयक पेढ्यांत तिला आजही मान आहे. वकिलीसाठी ही परीक्षा सक्तीची नाही. ती उत्तीर्ण होणाऱ्याला कागद लिहिता येतो, अशी पेठेत खात्री असते.

वाटेतील पायऱ्या

१. कायद्याची प्रवेश परीक्षा. बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. खुल्या वर्गासाठी आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के गुण लागतात. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा संगणकावर होते. कायद्याचे आकलन, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी हे तिचे मुख्य भाग. प्रश्नांची संख्या बदलत आली आहे, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच सराव करावा. मोमीन, बागवान, अत्तार अशा इतर मागासवर्गीय यादीतील कुटुंबांनी जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी बारावीच्या आधीच काढून ठेवावी. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ केली तर सवलत हातची जाते.

२. पदवी. सोलापुरातच दयानंद विधी महाविद्यालय आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे.

३. सनद आणि बारची परीक्षा. सनदेसाठी भरमसाट शुल्क घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालाने थांबवली. खुल्या वर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, ही कायद्यातील मर्यादा आहे. कोणी जास्त मागितले तर हा निकाल दाखवावा. २०११ पासून वकिलीसाठी अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. ती १०० पर्यायी प्रश्नांची असून मराठीतूनही देता येते.

४. आर्टिकलशिप. सॉलिसिटरच्या हाताखाली साधारण ३ वर्षे उमेदवारी करावी लागते. कारखान्यात पोरगा उस्तादाजवळ बसून माग शिकतो, तसाच हा प्रकार. अनेक विद्यार्थी मुंबईत शिकतानाच ती सुरू करतात. नियम व अर्ज सोसायटीच्या कार्यालयातूनच घ्यावेत. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

५. सॉलिसिटरची लेखी परीक्षा. मालमत्तेचे हस्तांतरण, कंपनी व व्यापारी कायदा, दिवाणी कामकाज आणि मसुदालेखन हा तिचा गाभा. येथे पर्यायावर खूण करून भागत नाही, उत्तर लिहावे लागते. प्रत्येक वेळी उत्तीर्ण होणारे थोडेच असतात.

अभ्यास दुकानापासून सुरू करा

शहरातील सुखवस्तू मुलापाशी महागडी शिकवणी असेल. आपल्या मुलापाशी खरे व्यवहार असतात. त्यांचा अभ्यासासाठी उपयोग करावा. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले, न वटलेला चेक. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यास १५ दिवस मिळतात. तरीही न दिल्यास त्यानंतर एका महिन्याच्या आत फिर्याद करावी लागते. विद्यार्थ्याने या तारखा एका कोऱ्या कागदावर मांडाव्यात व नोटिशीचा मसुदा स्वतः लिहावा.

दुसरे, गाळ्याचा करार. "११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हा समज पेठेत सर्रास आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. घरातला जुना करार काढून त्यात काय राहिले आहे ते शोधावे.

तिसरे, हिबा. मुस्लिम कायद्याप्रमाणे हिबा पूर्ण होण्यास देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा या तीन गोष्टी लागतात. बक्षीसपत्र केले पण ताबा कधी दिलाच नाही, तर पुढे भावंडांत वाद उभा राहतो. हा विषय आपल्या मुलाला घरातच कळलेला असतो. परीक्षेत त्याला तो कलमांच्या भाषेत मांडता आला पाहिजे.

भाषेची अडचण

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना खरा अडथळा कायद्याच्या इंग्रजीचा असतो. त्यावर रोजचा उपाय करावा. रोज एक कलम मूळ कायद्यातून वाचावे, पुस्तक मिटून त्याचा अर्थ मराठीत लिहावा, मग तोच अर्थ सोप्या इंग्रजीत लिहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरे विनामूल्य उपलब्ध आहेत; मूळ निकाल व भाषांतर शेजारी ठेवून वाचावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. जुन्या बाजारातील स्वस्त पुस्तके घेताना ही तारीख ध्यानात ठेवावी.

वेळ, रमजान आणि अपयश

फजरनंतरचे दोन तास पाठांतरास उत्तम. आठवड्यातून एकदा पूर्ण वेळ लावून एक प्रश्नपत्रिका हाताने लिहावी. नुसते वाचणारा विद्यार्थी परीक्षेत अर्ध्यावर अडतो, कारण त्याच्या हाताला सवय नसते. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो. परीक्षा त्यात येत असेल, तर रोजा ठेवून त्याच वेळेला सरावाची प्रश्नपत्रिका सोडवून पाहावी आणि सहरीनंतरची झोप आधीच ठरवून घ्यावी.

पहिल्या खेपेस अपयश आले तर नशिबाला बोल लावू नये. कोणता विषय गेला, वेळ कमी पडला की मसुदा चुकला, हे कागदावर लिहावे आणि पुढच्या खेपेची तयारी तेथूनच सुरू करावी. सॉलिसिटरची परीक्षा राहिली तरी सनद हातात असते, वकिली चालू राहते. हे घरच्यांना आधीच समजावून सांगावे, म्हणजे मुलावरचे दडपण अर्धे होते.

पालकांना दोन शब्द

परीक्षेआधीचे दोन महिने मुलाला गल्ल्यावर बसवू नका. मुंबईतील राहण्या-जेवणाचा खर्च आधी मांडा. उमेदवारीत मिळणाऱ्या पैशांवर तो भागेल असे गृहीत धरू नका. मुलीला आवड असेल तर तिलाही हीच संधी द्या. मसुदालेखनाचे बरेचसे काम कार्यालयात बसून होते.

मुलगा शिकून मुंबईतच राहील, ही भीती आता कमी झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. उच्च न्यायालयाच्या कामासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. चांगला कागद लिहिणारा माणूस सोलापुरात बसूनही काम मिळवू शकतो.

ज्याच्या घरी दहावी-बारावीतील मूल आहे, त्याने या रविवारी दुकानातील एक जुना करार त्याच्यापुढे ठेवावा आणि विचारावे, "यात आपले नुकसान कोठे आहे?" उत्तर शोधण्यात मूल रमले, तर पुढच्या वाटेचा विचार करण्यास हरकत नाही.