सोनोग्राफीत गाठ दिसते, गाठीची जात दिसत नाही



गाळप संपून कारखाना थंड झाला, की बॉयलर हाऊसमध्ये एक काम चालते. आपल्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल. एक माणूस नळीवर बोटभर चिकट मलम लावतो, त्यावर लहानशी कांडी टेकवतो आणि हातातल्या यंत्रावरचा आकडा वाचतो. नळीची भिंत झिजून किती जाड राहिली आहे, हे त्याला नळी न कापता समजते. कांडीतून अतिसूक्ष्म आवाज निघतो, तो भिंतीच्या पलीकडच्या कडेवर आदळून परत येतो, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून जाडी निघते. दवाखान्यातली सोनोग्राफी ही याच यंत्राची धाकटी बहीण.

हे नाते मी ओढूनताणून जोडत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे इयान डोनाल्ड नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५५ च्या जुलै महिन्यात त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या काही गाठी मोटारीच्या डिकीत घातल्या आणि जवळच्या रेनफ्र्यू गावच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनविणाऱ्या कारखान्यात नेल्या. तिथे लोखंडातल्या भेगा शोधण्याचे ध्वनियंत्र होते. गाठींमध्ये बायकांच्या गर्भपिशवीतले फायब्रॉइड होते आणि अंडाशयातली पाण्याची गाठही होती. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. यंत्र लावल्यावर पाण्याच्या गाठीतून पुढच्या आणि मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी आला, मधे सगळे शांत. भरीव फायब्रॉइडमध्ये मात्र आवाज आतल्या आतच विरत गेला. गाठ पोकळ की भरीव, हे चाकू न लावता ओळखता येते, एवढे त्या दिवशी कळले.

पुढे त्यांच्याकडे एक बाई दाखविण्यात आली. पोट फुगलेले, उलट्या, वजन उतरलेले. जठराचा कॅन्सर, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, असे निदान आधीच झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्रात स्वच्छ कडांची, पाण्याने भरलेली मोठी गाठ दिसली. पोट उघडले तेव्हा ती अंडाशयाची साधी गाठ निघाली. ती काढली आणि बाई वाचली. हे सारे काम ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले, आणि सोनोग्राफी तिथून जगभर गेली.

आता यंत्राची मर्यादाही बॉयलरवरूनच समजून घ्या. कांडी लावून नळीची जाडी कळते, पण पोलाद कोणत्या प्रतीचे हे त्या यंत्रावर कळत नाही. ते पाहायचे तर तुकडा कापून प्रयोगशाळेला पाठवावा लागतो. बांधावरून ऊस हिरवागार दिसला तरी साखर किती, हे रस काढून पाहिल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगत नाही, तसेच हे आहे. सोनोग्राफी गाठीचे ठिकाण, माप, कडा, पोकळ-भरीवपणा आणि तीत रक्तप्रवाह किती, हे सांगते. ती कॅन्सरची आहे की नाही, हे बहुतेक वेळा ती फक्त सुचवू शकते. ठरते ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून.

थोडे यंत्राविषयी. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या तपासणीत २० ते ५० लाख कंपनांचा आवाज वापरतात. शरीरात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागली तरी किरणांची भीती नाही. पाण्यातून आवाज सुखरूप जातो, म्हणून पाणी पडद्यावर काळे दिसते. खड्यावर तो आदळतो, म्हणून पित्ताचा खडा पांढरा दिसतो आणि त्याच्यामागे सावली पडते. हवा आणि हाड ही या आवाजाची दोन वैरी. कातडीवर गार मलम लावतात ते मधली हवा काढण्यासाठी, आणि लघवी तुंबवून बसायला सांगतात ते भरलेल्या मूत्राशयातून मागची गर्भपिशवी नीट दिसावी म्हणून. कंटाळून मधेच बाहेर जाऊन आलात, तर तपासणी निम्मी वाया गेली म्हणून समजा.

असो. ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

आमच्या थोरल्या वहिनी बेचाळीस वर्षांच्या असताना त्यांच्या अंगावरून फार जायला लागले. तालुक्याला सोनोग्राफी केली. रिपोर्टात तीन सेंटिमीटरचा फायब्रॉइड आणि ‘बल्की युटेरस’ लिहून आले. वहिनी घरी येऊन भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, पोटात गोळा आहे म्हणतात. कॅन्सर व्हायच्या आत पिशवी काढून टाका म्हणतात. उसाचं बिल कधी येतंय?”

आता ‘बल्की’ म्हणजे काय? नेहमीपेक्षा जरा मोठी. तीन-चार लेकरे झालेल्या बाईची पिशवी मोठी असणारच. फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूची भरीव गाठ. पन्नाशीपर्यंतच्या बायका सरसकट तपासल्या, तर निम्म्याहून अधिक जणींत लहानमोठी सापडेल. पुष्कळांना तिचा त्रास कधी जाणवतच नाही, आणि पाळी गेल्यावर ती बहुधा आपोआप आकसते. अशा गाठीत कॅन्सर निघणे फार क्वचित. तसेच अंडाशयातल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या साध्या पाण्याच्या गाठीचे. पाळी चालू असलेल्या बाईत दर महिन्याला बीज तयार होताना अशी फुगवटी येते आणि जाते. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा पाहिले, की बहुतेक वेळा ती नाहीशी झालेली असते. आतून साधी, पातळ भिंतीची गाठ वेगळी. पडदे, भरीव गोळे आणि रक्तप्रवाह असलेली गाठ वेगळी. दुसरी दिसली तर मात्र चालढकल करू नये.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा बायकांमागे एक. यातल्या सगळ्याच शस्त्रक्रिया नाहक होत्या असे मी म्हणणार नाही. रक्तस्राव कशानेच थांबत नसेल तर पिशवी काढणे हा योग्य उपचार असतो. पण कितीतरी जणींना कॅन्सरचे भय घातले गेले होते. या बायका दर हंगामात आपल्याच फडात कोयता चालवितात. तरुण वयात पिशवी गेली की अंडाशयाचे काम लवकर मंदावते, आणि अंडाशयही काढली तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईला हे किती महाग पडते, ते मी आपल्याला काय सांगावे?

वहिनींना आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी आधी हाताने तपासले, रक्त पाहिले, आणि पिशवीच्या अस्तराचा व तोंडाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेला पाठविला. नमुना निर्दोष आला. रक्त वाढायच्या आणि स्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या. पिशवी जागच्या जागी राहिली.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती तितकीच घातक आहे. “सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आहे,” असे म्हणून लोक निर्धास्त होतात. हवा वैरी आहे हे वर सांगितलेच. म्हणून फुप्फुसातल्या खोलवरच्या गाठी यात दिसत नाहीत. जठर आणि आतड्यातला लहान कॅन्सरही बहुधा दिसत नाही. तिथे दुर्बीणच घालावी लागते. स्वादुपिंड आतड्यातल्या वायूमागे दडलेले असते, त्यामुळे ‘नीट दिसले नाही’ असा शेरा रिपोर्टात वारंवार असतो. आपण तो वाचत नाही. शौचातून रक्त जाते आहे आणि पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

तंबाखू आणि मिश्रीवाल्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे. तोंडातला पांढरा-लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, हे डोळ्यांनी दिसते. त्याला उजेड आणि डॉक्टर लागतो. सोनोग्राफी तिथे फार तर मानेतल्या गाठी पाहायला उपयोगी. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सरही सुरुवातीला सोनोग्राफीत सापडत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतून सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पिशवीच्या तोंडाच्या स्रावाची एचपीव्ही तपासणी एकदाच केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. ज्या गटात मृत्यू असे घटले, त्यातल्या बायका आपल्यासारख्याच शेतकरी-मजूर घरांतल्या होत्या.

स्तनातल्या गाठीबद्दल मायबहिणी बोलतच नाहीत. “दुखत नाही, म्हणजे काही नाही,” ही समजूत आधी टाकून द्यावी. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तरुण मुलीत सोनोग्राफी चांगली उपयोगी पडते. गुळगुळीत, लांबट, हलणारी गाठ बहुधा साधी असते, वाकड्यातिकड्या कडांची आणि मागे सावली टाकणारी संशयास्पद. पण चुन्याचे बारीक कण हे काही कॅन्सरचे पहिले चिन्ह असते, आणि ते मॅमोग्राफीत चांगले दिसतात, सोनोग्राफीत निसटतात. म्हणून चाळिशीपुढच्या बाईच्या गाठीत एकावर दुसरीची भूक भागत नाही. रिपोर्टात ‘बायरॅड्स’ म्हणून एक आकडा असतो. दोन म्हणजे साधी. तीन म्हणजे बहुधा साधी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. चार किंवा पाच असेल तर सुईने नमुना घ्यायचाच. हाताला लागणारी गाठ आणि रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल, तर रिपोर्टावर विसंबून घरी जाऊ नये.

बाकी इंग्रजी शब्दांना भिऊ नका. ‘हायपोएकोइक’ म्हणजे आजूबाजूपेक्षा काळसर दिसणारा भाग. ते रोगाचे नाव नाही. ‘एसओएल’ म्हणजे जागा अडविणारे काहीतरी, एवढेच. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे फोटो काढणारा डॉक्टर सांगतो आहे की, मला सावली दिसली, माणूस तुम्ही तपासा. रिपोर्ट परस्पर औषधाच्या दुकानात दाखवून गोळ्या आणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

“सुई लावली की गाठ पसरते” असे पारावर ऐकायला मिळते. योग्य जागी, सोनोग्राफीत पाहत घेतलेल्या सुईने पसरण्याचा धोका फार थोडा आहे. निदान न झाल्याने वाया जाणारे महिने त्याहून कितीतरी महाग. अंडकोषातल्या गाठीला आणि अंडाशयाच्या काही गाठींना मात्र डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, ती गाठ अखंड काढून मग तपासतात. तेव्हा “नमुना घेणार का, आणि नसेल तर का नाही?” हे विचारायला संकोच करू नये. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशन कार्ड घेऊन भेटावे.

आणि जुने रिपोर्ट टाकू नका. गाठ किती मोठी यापेक्षा ती वर्षभरात वाढली का, हे डॉक्टरला अधिक बोलते, आणि त्यासाठी मागचा कागद लागतो. वहिनींची पाळी जाऊन आता चार वर्षे झाली. गेल्या दिवाळीनंतरच्या तपासणीत तीनाचे दीड सेंटिमीटर झाले होते. त्यांचे सगळे कागद ऊस बिलाच्या पावत्यांच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेले आहेत.