वाढीव वॉरंटी : दरपत्रकातील एक दुर्लक्षित ओळ

मोटारकर्जाच्या अर्जासोबत विक्रेत्याचे दरपत्रक येते. गाडीची किंमत, नोंदणी, विमा यांच्याखाली 'वाढीव वॉरंटी' अशी एक ओळ त्यात बहुधा असते. लाखांच्या बेरजेत पंधरा-वीस हजारांची ही रक्कम सहज मिसळून जाते. कर्ज विभागात काम करताना मी अर्जदारांना या ओळीविषयी विचारतो, तेव्हा 'तो विम्याचाच भाग असावा' असे उत्तर अनेकदा मिळते. वस्तुतः तसे नाही. मोटारविमा अपघात, चोरी, आग, पूर यांनी झालेल्या हानीसाठी असतो. चालता चालता गिअरबॉक्स निकामी झाला, तर त्याची भरपाई नेहमीच्या विम्यातून मिळत नाही. तो भार उत्पादकाची वॉरंटी उचलते आणि तिची मुदत संपल्यानंतर, घेतली असल्यास, वाढीव वॉरंटी.

निर्णयापूर्वी आपले वार्षिक धावणे किती, हे पाहावे. वॉरंटीला वर्षांची आणि किलोमीटरची अशा दोन मर्यादा असतात व जी आधी गाठली जाईल ती लागू होते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी २ वर्षे वा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे वा १,००,००० किलोमीटर केली. समजा, एखाद्याने ती ५ वर्षे वा १,४०,००० किलोमीटरपर्यंत वाढवून घेतली. त्याची गाडी वर्षाला ४०,००० किलोमीटर धावत असेल, तर मूळ वॉरंटी अडीच वर्षांत आणि वाढीव वॉरंटी साडेतीन वर्षांत संपेल. म्हणजे दोन वर्षांचे पैसे भरून संरक्षण एकाच वर्षाचे! वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्याला मात्र पाचही वर्षे पूर्ण मिळतील.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर असे झिजणारे भाग सामान्यतः यात येत नाहीत. खरा उपयोग होतो तो स्वयंचलित गिअरबॉक्स, टर्बोचार्जर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक अशा महाग भागांच्या बाबतीत, कारण त्यांची दुरुस्ती न होता पुष्कळदा पूर्ण भागच बदलावा लागतो. साध्या गिअरच्या छोट्या गाडीला हा धोका तुलनेने कमी.

आता बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांसाठी, ज्यांत आपले सहकारी मोठ्या संख्येने आहेत, एक स्वानुभव. पहिल्या गाडीची वाढीव वॉरंटी मी उत्साहाने घेतली होती. पुढे ओडिशातील एका लहान गावी बदली झाली. अधिकृत कार्यशाळा नव्वद किलोमीटर दूर. मार्चअखेरच्या कामात एक सर्व्हिसिंग दोन महिने लांबले. त्यानंतर वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि दावा नामंजूर झाला. ठरावीक मुदतीत, अधिकृत ठिकाणीच सर्व्हिसिंग करण्याची अट करारात स्पष्ट होती. मी ती वाचली नव्हती, इतकेच. पत्नीने तो करार वाचून दाखवला तेव्हा वाद घालायला जागाच उरली नाही.

ही रक्कम कर्जात समाविष्ट केल्यास तिच्यावर व्याजही लागते. २०,००० रुपये ९ टक्के दराने ७ वर्षांत फेडायचे म्हटले, तर दरमहा सुमारे ३२२ रुपये याप्रमाणे एकूण २७,००० रुपयांच्या घरात जातात. घ्यायचीच असेल, तर स्वतंत्रपणे रोख भरावी. शिवाय अनेक उत्पादकांकडे मूळ मुदत संपेपर्यंत ती केव्हाही घेता येते. उशीर केल्यास किंमत काहीशी वाढते, हे खरे. गाडी मध्येच विकण्याचा विचार असल्यास वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, तेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

सध्याची गाडी घेताना मी ती ओळ दरपत्रकातून काढून घेतली. मूळ वॉरंटीचे अद्याप एक वर्ष शिल्लक आहे. तोवर पुढील बदलीचा आदेश येईल आणि तेथून कार्यशाळा किती दूर आहे, हे कळेल.