कूलर घेण्याआधी अर्थिंग

प्रश्न : बाभुळगावला नवं घर बांधलं. कूलर, फ्रिज, गिझर घ्यायचाय. काय पाहू?

उत्तर : दुकानात जाण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि करंट गळताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. विदर्भात मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती पत्र्याच्या कूलरची. पंपाच्या वायरीचं आवरण सोललं की पाण्यासकट अख्खा पत्रा करंट मारतो. म्हणून टाकीत पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचाच. तीन पिनांच्या जागी दोन पिना कधीच नकोत. दोन हजार वॅटच्या गिझरला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. फ्रिजवर स्टार मोजा, लेबलवरचे वार्षिक युनिटही वाचा. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण मात्र दर महिन्याला न चुकता दाबून पाहा.