मृग घडविणारा आणि गहाण पडलेले वस्त्र



या तिमाहीच्या शास्त्रपाठासाठी आमोसाचे पुस्तक घेतले आहे. नऊच अध्याय आहेत. एका बैठकीत वाचून होतात.

आमोस यहूदातील तकोवा गावचा मेंढपाळ. इ.स.पूर्व ७६० च्या सुमारास तो उत्तरेकडील इस्राएलात जाऊन बोलला. राज्य भरभराटीत होते. बेथेलात सण, अर्पणे, गायन, कशालाच तोटा नव्हता. परमेश्वराचा दिवस लवकर यावा अशी लोकांना आस होती. तो दिवस तुम्हाला अंधाराचा होईल, असे त्यांना सांगणारा हा मेंढपाळ याजक अमस्याला अर्थातच नकोसा झाला.

५:८ उघडा. देव कृत्तिका व मृग घडवितो, समुद्राचे पाणी बोलावून भूमीवर ओततो. आम्हा शाहूवाडीकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. मृग लागला की आंबा घाटावर ढग चढतात आणि धनगरवाड्यांच्या पायवाटा चिखलात जातात. देवाच्या सामर्थ्याचे असे वर्णन या पुस्तकात तीनदा येते (४:१३; ५:८-९; ९:५-६). आपण ती वचने उपासनेत हौसेने वाचतो, पण मागचीपुढची सोडून. ५:७ मध्ये न्यायाला कडू करणारे आहेत, ५:११ मध्ये गरिबाचे धान्य उकळणारे. मधोमध नक्षत्रे. ज्याने मृग घडविला तोच धान्याचा हिशेब मागतो आहे.

तसेच २:८. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर लोक वेदीजवळ पसरले आहेत. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्याआधी परत द्यावे, अशी निर्गम २२:२६ ची आज्ञा होती. धनगराचे घोंगडे पाहिलेल्याला तिचे कारण कळेल: दिवसा पावसात डोक्यावर तेच, रात्री अंथरायला-पांघरायला तेच. आमोसानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेले एक हिब्रू खापर १९६० साली यावनेजवळ सापडले. त्यावर कापणीच्या एका मजुराचा अर्ज आहे: माझे काम पुरे झाले होते, तरी माझे वस्त्र नेले, सोबतचे कापणीकर साक्ष देतील. म्हणजे आज्ञा होती, आणि वस्त्रे जातही होती.

पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचा. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब यांचा न्याय होतो. ऐकणारे माना डोलावत असतील. मग यहूदा. आणि शेवटी ऐकणारेच. सर्वांत लांब आरोपपत्र त्यांचे आहे.

थंडीत आपण वाड्यांवर पांघरुणे पाठवितो. ती पाठवीत राहावी. मात्र आमोसाने देणग्यांची यादी कुठेच मागितलेली नाही. तो माप, तराजू आणि गहाण पाहतो.

मंडळीच्या पुढील अभ्यासवर्गात ८:४-६ घ्यावे. येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या, शेतावरच्या किंवा दुकानातल्या मजुरीची वही सोबत आणावी.