पिवळ्या बाळाला बाटलीतलं औषध नको

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागलं की घरातल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: औषध काय देणार? डॉक्टर म्हणाले, ‘अंगावर पाजत राहा, उद्या पुन्हा रक्त तपासू’, तर काहीच उपचार केले नाहीत असं वाटतं आणि घुटी, काढे, पुड्या सुरू होतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे. नवजात बाळाच्या नेहमीच्या काविळीवर पाजायचं खात्रीचं औषध नाही, आणि ते शोधण्यात गेलेला वेळ बाळाच्या मेंदूला महाग पडू शकतो.

औषध शोधलंच नाही असं नव्हे. बाळाच्या तांबड्या पेशी भराभर मोडतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि त्याचा निचरा करणारं यकृत अजून मंद असतं. त्या यकृताला चालना द्यायची म्हणून १९६०च्या दशकापासून फेनोबार्बिटोन वापरलं गेलं. पण त्याचा गुण यायला काही दिवस जातात, आणि एवढ्यात कावीळ आपोआप उतरणीला लागलेली असते. शिवाय बाळ गुंगीत राहून कमी पितं, शी कमी होते आणि आतड्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शिरतं. बिलिरुबिन मुळात तयारच होऊ न देणारं स्टॅनसोपोर्फिन अमेरिकेत २०१८ साली मंजुरीपर्यंत पोहोचलं नाही. टिकला तो निळा प्रकाश. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांना उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा कमी झालेला दिसला आणि १९५८ साली डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार जगापुढे मांडला. प्रकाशामुळे त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते यकृतावर फारसा भार न टाकता बाहेर पडतं.

‘गुण आला नाही तरी अपाय काय होणार?’ असं विचारणाऱ्यांनी सल्फा औषधांचा इतिहास पाहावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलिनबरोबर सल्फिसॉक्साझोल दिलं जाई. १९५६ साली उघड झालं की त्या बाळांत मृत्यू आणि मेंदूची इजा जास्त होती. रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेलं बिलिरुबिन या औषधाने सुटं केलं आणि ते मेंदूत शिरलं. सेफ्ट्रायक्झोन हे प्रतिजैविकही काविळीच्या नवजात बाळाला याच कारणाने देत नाहीत. मग घटक माहीत नसलेली पुडी निर्धोक कशी मानायची?

‘शेजारच्या बाळाला त्यानेच बरं वाटलं’ हा दुसरा युक्तिवाद. बहुतेक पूर्ण दिवसांच्या बाळांची कावीळ दोन आठवड्यांत जातेच, त्यामुळे त्या काळात जे द्याल त्याला श्रेय मिळतं. कोवळ्या उन्हाचंही तसंच. उन्हात निळा प्रकाश असतो हे खरं, पण त्याची मात्रा मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि ऊन देतोय या समाधानात तपासणी लांबते. औषधांना जागा आहे, पण नेमकी: रक्तगट न जुळल्याने पेशी वेगाने मोडत असतील तर डॉक्टर काही वेळा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. आरएच निगेटिव्ह आईला, बाळ पॉझिटिव्ह असल्यास, ७२ तासांत अँटी-डी देतात ते पुढच्या बाळासाठी.

तेव्हा औषध मागण्याऐवजी आकडा विचारा: बिलिरुबिन किती, आणि बाळाच्या तासांच्या वयाला ते किती चालतं? दिवसाउजेडी कपाळावर, छातीवर बोट दाबून सोडा आणि उमटलेला रंग पाहा. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा आला, तो तळपायापर्यंत उतरला, बाळ पिईना, फार झोपाळलं, किंचाळून रडलं किंवा पाठ ताणू लागलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजा. साखरपाणी देऊ नका. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली किंवा शी पांढरट झाली, तर पित्तनलिकेची तपासणी लगेच करून घ्या. पित्तनलिका बंद असेल, तर तिथली शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते.